नागरी समाजाचं दार

२०११च्या एप्रिलमध्ये लोकपाल विधेयकाचा मसुदा करायला दहा जणांची संयुक्त समिती नेमली गेली. पाच मंत्री आणि पाच जण ‘सिव्हिल सोसायटी’चे. त्या उन्हाळ्यात मराठी वर्तमानपत्रांनी हा शब्द तसाच देवनागरीत लिहायला घेतला. ‘नागरी समाज’ हा प्रतिशब्द अभ्यासकांच्या लेखनात होता, पण बातमीत तो बसेना. ‘नागरी’ म्हटलं की आपल्याला नागरी सुविधा आठवतात, नागरी सहकारी बँक आठवते, लिपी आठवते. आणि ‘सोसायटी’ म्हटलं की राहतो ती इमारत. शब्द परका आहे म्हणून आपली अडचण होते, असं तेव्हा वाटलं होतं. पुढे या कल्पनेचा युरोपातला इतिहास वाचत गेलो तेव्हा कळलं, की ज्यांच्या घरचा हा शब्द, त्यांनाही तो कधी धड बसलेला नाही. त्याचा अर्थ तिथे वारंवार पालटला आणि एकदा तर पार उलटा झाला. सुरुवातीला ‘नागरी समाज’ म्हणजेच राज्य होतं. पुढे ‘नागरी समाज’ म्हणजे राज्याच्या बाहेर जे काही आहे ते.

हा आढावा घेताना मी दोन प्रश्न हाताशी ठेवले आहेत. त्या त्या काळात हा शब्द कशाच्या विरुद्ध उभा केला गेला, हा पहिला. त्याच्या दाराबाहेर कोण राहिलं, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर ग्रंथालयं भरली आहेत. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

ॲरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’मध्ये नगरराज्य म्हणजे नागरिकांचं राजकीय सहजीवन. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या लिओनार्दो ब्रूनीने त्या ग्रंथाचं लॅटिन भाषांतर केलं आणि त्या सहजीवनासाठी ‘सोसिएतास सिव्हिलिस’ हे शब्द योजले. इथे राज्य आणि समाज असे दोन तुकडे नाहीतच. भेद आहे तो घर आणि नगर यांच्यात. घरात बायका, मुलं, गुलाम; त्यांच्या श्रमावर मोकळा झालेला घरधनी चौकात येतो आणि नागरिक होतो. म्हणजे दार पहिल्यापासून होतं, आणि ते घराचंच होतं.

सतराव्या शतकात इंग्लंडात यादवी युद्ध झालं, राजाचा शिरच्छेद झाला, आणि शब्दाच्या समोर नवा प्रतिपक्ष आला: निसर्गावस्था. हॉब्जचा ‘लेव्हायथन’ १६५१चा. त्याच्या मते, सर्वांनी मिळून एका सत्तेपुढे मान तुकवली की नागरी समाज सुरू होतो. त्याआधी फक्त भीती. राज्याच्या आतल्या स्वायत्त संस्थांचा, मोठ्या शहरांच्या महामंडळांचा त्याला इतका संशय, की पोटातल्या जंतांची उपमा त्याने त्यांना दिली. लॉकने १६८९मध्ये छापलेल्या आपल्या दोन निबंधांपैकी दुसऱ्यात एक अख्खं प्रकरण ‘राजकीय किंवा नागरी समाजा’ला दिलं आहे. ‘किंवा’ हा शब्द लक्षात घ्यावा, दोन्ही एकच. पण पुस्तकाच्या अखेरीस तो एक बारीक भेद करतो: सरकार मोडलं म्हणजे समाज मोडला असं नाही. लोकांनी एकमेकांशी केलेला करार शिल्लक राहतो आणि ते नवं सरकार बसवू शकतात. पुढच्या तीनशे वर्षांचा धागा या भेदातून निघाला.

त्याच निबंधात मालमत्तेविषयी लिहिताना लॉक उदाहरणं देतो: माझ्या घोड्याने खाल्लेलं गवत, माझ्या नोकराने कापलेली मातीची ढेपळं, मी खणून काढलेलं खनिज, हे सगळं माझं. श्रमाने मालकी येते असं सांगणाऱ्या परिच्छेदात नोकराच्या श्रमाने मालकी येते ती धन्याला, आणि नोकर घोड्याच्या ओळीत बसतो. लॉकला यात काही खटकलं नाही. हा नोकर मात्र मी या लेखात सोडणार नाही.

आता स्कॉटलंड. ॲडम फर्ग्युसन हा पर्थशायरमध्ये, डोंगराळ मुलखाच्या सरहद्दीवर जन्मलेला, गेलिक भाषा जाणणारा, ‘ब्लॅक वॉच’ पलटणीत धर्मोपदेशक म्हणून राहिलेला आणि पुढे एडिंबरोत नैतिक तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस. १७४६मध्ये कलोडनच्या मैदानात डोंगराळ टोळ्यांचा मोड झाला आणि एक जुनी जीवनरीत त्याच्या पिढीच्या डोळ्यांदेखत संपू लागली. त्यानंतर वीसएक वर्षांनी, १७६७मध्ये, त्याचा ‘नागरी समाजाच्या इतिहासावरील निबंध’ आला. निसर्गावस्था आणि करार ही गोष्ट त्याने बाजूला सारली. माणूस आधी एकटा होता आणि मग करार करून समाजात आला, असं कुणी कधी पाहिलंय? माणसं सुरुवातीपासून टोळीनेच राहतात, आणि संस्था घडतात त्या कुणाच्या आखणीने नव्हे, तर हजारोंच्या करण्यातून. नागरी समाजाचा विरोधी शब्द आता ‘रानटी अवस्था’ झाला. नागरी म्हणजे सभ्य, व्यापार करणारा, कायद्याने चालणारा.

याच पुस्तकात काळजीही आहे, आणि तिच्यासाठी मला फर्ग्युसन त्याचा मित्र ॲडम स्मिथ याच्यापेक्षा जवळचा वाटतो. श्रमविभागणीने माल वाढतो हे त्याला मान्य आहे. पण ज्या कारखान्यात डोकं चालवायची गरज उरत नाही, जिथे माणसं यंत्राच्या सुट्या भागांसारखी होतात, तिथून नागरिक निघेल कसा? लढाई पगारी सैन्यावर सोपवली, राज्यकारभार कारकुनांवर सोपवला, की श्रीमंत झालेला समाज आतून सुस्त होतो आणि कुणाही हुकूमशहाच्या हाती पडतो. नागरी समाज आपल्याच यशामुळे मरू शकतो, हे सांगणारा तो पहिल्या काहींपैकी एक.

फ्रान्समध्ये माँतेस्क्यूने १७४८मध्ये राजा आणि प्रजा यांच्यामधल्या संस्थांची, म्हणजे सरदार, न्यायपीठं, शहरं यांची बाजू घेतली होती. त्या नसतील तर राजेशाहीची जुलूमशाही होते. रूसोला नेमकं उलटं वाटे: मधले गट नकोत, ते लोकांची एक इच्छा फोडतात. क्रांतीने कौल दिला रूसोच्या बाजूने. १७९१च्या वसंतात पॅरिसचे सुतार रोजंदारीचा किमान दर ठरवून मागत होते. १४ जूनला रेन शहरातला वकील ल शापलिए याने सभागृहात कायदा मंजूर करून घेतला: एका धंद्यातल्या लोकांनी ‘आपले सामायिक हित’ म्हणून एकत्र येणं, अध्यक्ष नेमणं, दप्तर ठेवणं, ठराव करणं बेकायदा. व्यक्तीचं हित आणि राष्ट्राचं हित, एवढी दोनच हितं. मधे काही नाही. हा कायदा माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा काढणाऱ्या सभागृहानेच केला. फ्रेंच कामगाराला कायदेशीर संघटना मिळाली १८८४मध्ये आणि कुठल्याही नागरिकाला परवानगीविना संस्था काढायचा हक्क मिळाला १ जुलै १९०१च्या कायद्याने. ११० वर्षं! ज्यांना वाटतं की नागरी समाज ही लोकशाहीबरोबर आपोआप येणारी गोष्ट आहे, त्यांनी या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

इथून आपण बर्लिनला येतो, आणि इथे थांबणं भाग आहे. हेगेलच्या ‘हक्कांच्या तत्त्वज्ञाना’च्या पहिल्या पानावर १८२१ साल आहे. कुटुंब, नागरी समाज, राज्य अशी त्याची तीन पायऱ्यांची मांडणी. राज्यापासून नागरी समाज एवढ्या स्पष्टपणे वेगळा करून त्याला स्वतःची जागा दिली ती इथे. आणि ही जागा सुरू होते बाजारातून. घराच्या मायेतून बाहेर पडलेला माणूस इथे स्वतःच्या गरजेसाठी येतो, पण त्या भागवायला त्याला इतरांच्या गरजा भागवाव्या लागतात. या देवघेवीला हेगेल ‘गरजांची व्यवस्था’ म्हणतो. तिच्यावर न्यायदान, पोलीस आणि धंद्यांचे संघ. या संघांना तो दुसरं कुटुंब मानतो: माणसाला पत देणारं, अडीनडीला उभं राहणारं. जर्मन भाषेने इथे त्याला साथ दिली आणि पुढच्यांना गोंधळातही टाकलं, कारण जर्मनमध्ये ‘बुर्गर’ म्हणजे नागरिकही आणि पैसेवाला शहरी मध्यमवर्गीयही. एकाच विशेषणात दोन्ही अर्थ.

मग येतात २४४ आणि २४५ क्रमांकांचे परिच्छेद. माझ्या मते या साऱ्या परंपरेतली सर्वांत प्रामाणिक दोन पानं ती आहेत. बाजार वाढतो तशी एका बाजूला संपत्ती साचते आणि दुसऱ्या बाजूला माणसं जगण्याच्या किमान पातळीखाली जातात. पैशाबरोबर त्यांची अब्रू जाते, आपण या समाजाचे आहोत ही जाणीव जाते. काय करावं? श्रीमंतांनी त्यांना बसून खायला घालावं, तर कष्टाने जगण्याचा मान जातो. काम द्यावं, तर माल आणखी वाढेल. आणि घेणारे नसताना माल वाढला हाच तर मूळ रोग. एवढी संपत्ती असून नागरी समाज गरिबी थांबवण्याइतका श्रीमंत नाही, या निष्कर्षापाशी हेगेल येतो. पुढे तो स्कॉटलंडमध्ये करून पाहिलेल्या एका उपायाची नोंद करतो: गरिबांना त्यांच्या नशिबावर सोडावं आणि चव्हाट्यावर भीक मागू द्यावी. फर्ग्युसनच्या देशातली ही बातमी. आणि मग शेवटचा मार्ग समुद्रापलीकडचा: बाजारपेठा आणि वसाहती. सबंध व्यवस्था बसवणाऱ्या या तत्त्वज्ञाने इथे उत्तर असल्याचा आव आणला नाही. पुढच्या जवळजवळ प्रत्येक विचारवंताला या दोन परिच्छेदांवर ताडून पाहता येतं.

मार्क्सला ते लवकर भेटले, पुस्तकात आणि जंगलातही. १८४२च्या शरदात, चोविसाव्या वर्षी, कोलोनच्या ‘राईनिशे त्साइटुंग’मध्ये त्याने लाकूडचोरीच्या कायद्यावर लेखमाला लिहिली. ऱ्हाइन प्रांतातले गरीब लोक जंगलात पडलेल्या काटक्या गोळा करत. पिढ्यान्‌पिढ्यांचा तो रिवाज. जंगलमालकांना आता ती चोरी ठरवून हवी होती, आणि प्रांतसभेने ती ठरवली. झाडाने टाकून दिलेली काटकी कुणाची, हा प्रश्न आपल्याकडे सरपणाला गेलेल्या कुठल्याही बाईला समजावून सांगावा लागणार नाही. मार्क्सने त्यातून ताडलं की कायद्यापुढे सगळे समान असलेल्या या नागरी समाजात कायदा मालकाच्या बाजूने झुकतो तो मुळापासून. दीड वर्षाने, १८४४मध्ये, त्याने लिहिलं की माणसाचे दोन तुकडे झाले आहेत: राज्यात तो समान नागरिक, नागरी समाजात स्वार्थी एकटा जीव. उपाय म्हणून त्याला हा भेदच संपवायचा होता. दुखणं त्याने नेमकं ओळखलं. पण ज्यांनी पुढे त्याच्या नावाने राज्यं केली त्यांनी संघटना, छापखाने, सभा सगळं राज्यात गिळून टाकलं, आणि त्याची किंमत कामगारांनीच मोजली.

तोकव्हिल दुसऱ्या दाराने आला. १८३१च्या मे महिन्यात तो अमेरिकेत उतरला, नऊ महिने हिंडला. तिथे लाखभर माणसांनी दारू न पिण्याची जाहीर शपथ घेतल्याचं ऐकलं, तेव्हा त्याला ती थट्टा वाटली. पाणी प्यायचं तर प्यावं आपल्या घरात, त्यासाठी सभा कशाला? मग त्याच्या लक्षात आलं, की हे लाख लोक फ्रान्समध्ये असते तर प्रत्येकाने सुटा अर्ज करून सरकारला दारूच्या दुकानांवर नजर ठेवायला सांगितलं असतं. ल शापलिएच्या देशातून आलेल्या माणसालाच हे दिसणार. संस्था काढणं ही सवय आहे आणि ती सरावाने लागते, हे त्याचं म्हणणं. अमेरिकेवरच्या त्याच्या पुस्तकाच्या, १८३५ आणि १८४०मध्ये आलेल्या दोन खंडांत ते विस्ताराने आहे. पण त्याच १८३५ साली त्याने गरिबीवरही एक टिपण लिहिलं. इंग्लंडमध्ये कायद्याने मिळणारी मदत त्याला घातक वाटली. खासगी दानधर्म पुरत नाही हेही त्याला दिसत होतं. हेगेल अडला तिथेच तो अडला. पुढे अल्जीरियातल्या फ्रेंच वसाहतीचा तो कैवारी झाला. समुद्रापलीकडचा मार्ग तो हाच.

त्याच मार्गाने संस्थेचा साचा आपल्याकडेही आला. १८६०चा संस्था नोंदणी कायदा ही त्याची कागदोपत्री खूण. पण १८७०मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली ती सहा हजार लोकांची संमती घेतलेल्या ९५ प्रतिनिधींची; आणि तीनच वर्षांत जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला, जो त्या प्रतिनिधींच्या दाराबाहेर राहिलेल्यांचा होता. संस्था आली तसं तिचं दारही आलं आणि दार ठोठावणारेही लगेच उभे राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही संज्ञा युरोपात मागे पडली. ती पुन्हा हातात घेतली तुरुंगातल्या एका माणसाने. इटलीतला कम्युनिस्ट पुढारी अंतोनिओ ग्राम्शी याला मुसोलिनीच्या सरकारने नोव्हेंबर १९२६मध्ये पकडलं. तुरुंगात लिहिलेल्या त्याच्या पहिल्या वहीवर तारीख आहे ८ फेब्रुवारी १९२९. त्याचा प्रश्न पराभूताचा होता: रशियात क्रांती झाली, मग पश्चिमेत का नाही? त्याचं उत्तर युद्धाच्या भाषेत येतं. पश्चिमेत राज्य हा नुसता बाहेरचा खंदक. तो ओलांडला तरी मागे बुरुजांची रांग आहे. शाळा, चर्च, वर्तमानपत्रं, मंडळं. तिथे लोकांची संमती घडवली जाते, धुरीणत्व टिकवलं जातं. हेगेल आणि मार्क्स नागरी समाज बाजारात शोधत होते. ग्राम्शीने तो संस्कृतीत आणून ठेवला. तेव्हापासून बाजार या शब्दातून हळूहळू बाहेर पडला. हाबरमासने १९६२मध्ये अठराव्या शतकातली कॉफीगृहं, बैठका, नियतकालिकं यांतून घडलेल्या लोकावकाशाचा जो इतिहास लिहिला, त्यात ही वाट आणखी रुंद झाली. चर्चा हा त्याचा प्राण; चर्चेला बसायची फुरसत आणि मुभा कुणाला होती, हे स्त्रीवादी अभ्यासकांना नंतर त्याला ऐकवावं लागलं.

आणि मग पोलंड. जून १९७६मध्ये भाववाढीविरुद्ध रादोम आणि उर्सुस इथल्या कामगारांनी संप केला. मारहाण झाली, नोकऱ्या गेल्या, खटले झाले. सप्टेंबरमध्ये काही बुद्धिवंतांनी ‘कामगार संरक्षण समिती’ काढली. कामं साधी: वकील मिळवून देणं, खटल्याच्या दिवशी न्यायालयात बसणं, घरी पैसे पोचवणं. गुप्ततेची परंपरा असलेल्या देशात या समितीने आपल्या पत्रकांवर सदस्यांची नावं, पत्ते, दूरध्वनी क्रमांक छापले. त्याच वर्षी आदाम मिखनिकने मांडलं, की सत्ताधाऱ्यांना सल्ले देण्याऐवजी समाजाशी बोलावं, त्यांचं राज्य न पाडता त्याच्या बाहेर स्वतःचं जीवन उभारावं. चेकोस्लोव्हाकियात जानेवारी १९७७मध्ये ‘चार्टर ७७’ हे नागरिकांच्या हक्कांसाठीचं जाहीर पत्रक आलं. १९७८मध्ये तिथल्या नाटककार हावेलने तो भाजीवाला रंगवला, जो दुकानाच्या काचेत कांदे-गाजरांमध्ये सरकारी घोषणेची पाटी लावतो. आणि विचारलं, एका सकाळी त्याने ती लावलीच नाही तर? फर्ग्युसनपासून ज्या नागरी समाजाचा विरोधी शब्द बदलत आला होता, त्याच्या समोर आता थेट कम्युनिस्ट पक्षाची सत्ता उभी होती.

ऑगस्ट १९८०. ग्दान्स्कच्या लेनिन गोदीत आना वालेंतिनोविच या क्रेन चालवणाऱ्या बाईला निवृत्तीच्या तोंडावर कामावरून काढलं, आणि संप सुरू झाला. गोदीच्या दोन नंबरच्या फाटकावर प्लायवुडच्या दोन फळ्या टांगल्या गेल्या, हाताने रंगवलेल्या, एकवीस मागण्यांच्या. ३१ ऑगस्टला सरकारने सही केली. त्यातून निघालेल्या ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेचे सभासद वर्षभरात एक कोटीच्या घरात गेले. १३ डिसेंबर १९८१च्या लष्करी कायद्याने ती चिरडली गेली, तरी ४ जून १९८९च्या निवडणुकीत तीच जिंकली. या दशकानेच ‘सिव्हिल सोसायटी’ हा शब्द जगभर नेला, दिल्लीतल्या त्या संयुक्त समितीपर्यंत. लॉकच्या परिच्छेदातला नोकर इथे स्वतः फाटकावर चढून फळी टांगत होता.

पुढचं लिहायला जड जातं. १ जानेवारी १९९०ला, सॉलिडॅरिटीतूनच आलेल्या सरकारने अर्थव्यवस्था एका झटक्यात बाजाराकडे वळवली. गोदी ऑगस्ट १९९६मध्ये दिवाळखोर जाहीर झाली. याच वर्षांत नागरी समाजाचं विद्यापीठीय पीक जोमात होतं. अनुदानं, स्वयंसेवी संस्था, परिषदा. रॉबर्ट पटनमने १९९३मध्ये इटलीचा अभ्यास करून सांगितलं, की जिथे गायनमंडळं आणि फुटबॉल क्लब भरपूर तिथे कारभार चांगला. १९९७मध्ये शेरी बर्मनने वायमार जर्मनीकडे बोट दाखवलं: तिथेही मंडळांची रेलचेल होती आणि नाझींनी त्यांच्याच जाळ्यातून माणसं गोळा केली. मला बर्मनचं म्हणणं पटतं. संघटना हे भांडं आहे, आत काय शिजतं ते वेगळं पाहावं लागतं. पण भांडं फोडणाऱ्यांची बाजू त्यावरून घेता येत नाही. हंगेरीने २०१७मध्ये परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांवर वेगळ्या नोंदणीचा शिक्का मारणारा कायदा केला, तेव्हा तो संघटनेच्या हक्काला बाधक ठरवायला युरोपच्या न्यायालयाला १८ जून २०२० उजाडावा लागला. ल शापलिएचा संशय मेलेला नाही.

राजकीय अभ्यासक पार्थ चॅटर्जींनी कोलकात्यात रेल्वेरुळांशेजारी राहणाऱ्यांकडे पाहून २००४मध्ये लिहिलं, की बहुसंख्य भारतीय नागरी समाजात येतच नाहीत. त्यांचा व्यवहार वेगळ्याच ‘राजकीय समाजा’त, तडजोडीने आणि कायद्याच्या कडेकडेने चालतो. हे भारताचं वेगळेपण म्हणून वाचलं जातं. मी ते हेगेलच्या २४४व्या परिच्छेदाचं उशिरा आलेलं भाष्य म्हणून वाचतो. रुळांशेजारचा माणूस, ऱ्हाइनच्या जंगलातली काटक्या वेचणारी, १७९१चा सुतार, हे सगळे एकाच दाराशी उभे आहेत.

ग्दान्स्कच्या त्या दोन फळ्या २००३मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत गेल्या. पहिली मागणी स्वतंत्र कामगार संघटनांची, दुसरी संपाच्या हक्काची, तिसरी भाषण आणि छपाईच्या स्वातंत्र्याची. नागरी समाजावरचे युरोपीय ग्रंथ बहुधा या तिघींपाशी थांबतात. खाली, त्याच फळ्यांवर पुढच्या लिहिल्या आहेत: मांसासाठी शिधापत्रिका, नोकरी करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघरात जागा, बाळंतपणाची तीन वर्षं पगारी रजा, घरासाठी थांबण्याचा काळ कमी करणं. एकविसावी, शनिवारची सुट्टी.